एकट्या काजव्याला ताल नाही

पावसाच्या तोंडावर भंडारदऱ्याला गेला असाल, तर काजव्यांनी लखलखणारी झाडं तुम्ही पाहिली असतील. अमेरिकेतल्या ग्रेट स्मोकी पर्वतातही जूनमध्ये काजव्यांची अशी गर्दी होते. तिथल्या एका जातीचे नर एकदम चमकतात, पुन्हा पुन्हा चमकतात आणि मग सगळे मिळून विझतात. काही सेकंद मिट्ट काळोख. त्या काळोखातच मादी मंद उजेडाने उत्तर देते.

पण ‘आता!’ असं सांगतं कोण?

कोलोरॅडो विद्यापीठाच्या ओरित पेलेग यांनी याचा शोध घेतला. त्या भौतिकशास्त्रज्ञ, मऊ पदार्थांच्या अभ्यासातून इकडे आलेल्या. जेली किंवा साबणाचा फेस घ्या. तिथेही प्रत्येकाचं नातं फक्त शेजाऱ्याशी, हुकूम देणारा कुणी नाही.

2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात त्यांच्या गटाने जंगलात काळा तंबू ठोकला आणि आत एकच काजवा सोडला. तो चमकला, पण कधी लवकर, कधी कितीतरी वेळाने. मग संख्या वाढवत नेली. साधारण 15 काजवे झाले आणि ताल जमला! कुणीही एक आधी चमकला की त्याला पाहून बाकीचे चमकतात. पुढारी नाहीच. (आपल्या सोसायटीच्या मीटिंगला हे जमेल का, ते विचारू नका.)

म्हणजे काजवे विरळ झाले, तर त्यांचा तालच हरवू शकतो. त्यात आपले झगझगीत दिवे! यंदा काजवे पाहायला गेलात, तर गाडीचे दिवे बंद करा, मोबाइल खिशात ठेवा आणि दहा मिनिटं काळोखात नुसते उभे राहा.