संगणकाची पाटी आणि कपाट

घोडनदीकांठच्या शिरूरास किंवा भीमेकांठच्या दौंडास सेवाकेंद्रावर अर्ज भरण्यास गेलेल्या शेतकऱ्याच्या कानांवर मेमरी, सेव्ह, फाइल, डाउनलोड हे शब्द वारंवार पडतात. शब्द परके असले तरी त्यांमागील वस्तु शाळेंतील व कचेरींतीलच आहेत.

संगणकाचें स्मरण दोन प्रकारचें असतें, आणि बहुतेक घोटाळा येथेंच होतो. एक ‘रॅम’. ही विद्यार्थ्याची पाटी. श्रोत्यांनीं आपली शाळेंतील पाटी आठवावी. काम चालूं असतां मजकूर तिच्यावर असतो; यंत्राची वीज गेली कीं ती पुसली जाते. दुसरी ‘डिस्क’. हें कचेरींतलें कपाट. वीज असो वा नसो, त्यांत ठेवलेलें राहतें. पाटीवरील मजकूर कपाटांत नेऊन ठेवणें म्हणजेच ‘सेव्ह’ करणें. अर्धा तास खपून भरलेला अर्ज वीज जातांच नाहींसा होतो, आणि मग दोष यंत्रास दिला जातो. वास्तविक तो कपाटांत गेलेलाच नसतो. कांहीं ठिकाणीं मजकूर मधून मधून आपोआप सेव्ह होतो खरा. पण त्यावर विसंबणें शहाणपणाचें नव्हे.

कपाटांतील एक कागद ती ‘फाइल’ व अनेक फाइलींचा गठ्ठा तो ‘फोल्डर’. पुण्याच्या पेशवे दप्तरांत कागद रुमालांत बांधून ठेवीत, तशीच ही व्यवस्था. मात्र ह्या रुमालांत आणखी रुमाल बांधतां येतात. फाइलीस ‘अर्ज १’, ‘अर्ज २’ असें नांव देण्यापेक्षां गटक्रमांक व दिनांक घालावा, म्हणजे वर्षानंतरहि ती सांपडते.

‘फॉन्ट’ म्हणजे अक्षराचें वळण. पूर्वीच्या अनेक मराठी फॉन्टांत रोमन अक्षरांच्या जागीं मराठी वळणें बसविलेलीं असत. त्यामुळें शिरूरचें पत्र दौंडच्या यंत्रावर, तो फॉन्ट तेथें नसल्यास, निरर्थक रोमन अक्षरांत दिसे. इ. स. १९९१ मध्यें निघालेल्या ‘युनिकोड’च्या पहिल्या आवृत्तींतच देवनागरीस स्थान मिळालें. त्यांत ‘क’चा क्रमांक २३२५ आहे व तो सर्वत्र तोच राहतो.

‘डाउनलोड’ म्हणजे दूरच्या कपाटांतील कागदाची प्रत आपल्या कपाटांत उतरवून घेणें. ‘महाभूलेख’वर विनामूल्य दिसणारा सात-बारा केवळ माहितीसाठीं असतो, बँकेस किंवा कचेरीस द्यावयाचा तो शुल्क भरून मिळणारा, डिजिटल स्वाक्षरीचा उतारा. ही सोय इ. स. २०१८ मध्यें सुरू झाली. ही स्वाक्षरी म्हणजे शाईच्या सहीचें चित्र नव्हे. ती मजकुराशीं गणितानें बांधलेली असते. फाइलींतील एक अंक बदलला तरी पडताळणींत तें उघडकीस येतें.

केंद्रावर डाउनलोड केलेली फाइल मात्र केंद्राच्या कपाटांत राहते. ती आपल्या पेनड्राइव्हवर घ्यावी, नीट उघडते कीं नाहीं तें तेथेंच पाहावें, आणि आपल्यासमोर मूळ फाइल पुसावयास सांगावें.