गाडीचे ‘ॲव्हरेज’ खरेच घटले का? एका टाकीवरून ठरवू नका. असा करा अचूक हिशोब

२० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल पंपांवर आल्यापासून ‘गाडीचे ॲव्हरेज पडले’ अशी तक्रार अनेक वाहनचालक करतात. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे थोडी घट अपेक्षितच आहे. नीती आयोगाच्या २०२१च्या अहवालात जुन्या रचनेच्या दुचाकींसाठी ३ ते ४ टक्के, तर चारचाकींसाठी ६ ते ७ टक्के घटीचा अंदाज दिला आहे.

४५ किलोमीटर ॲव्हरेज देणाऱ्या बाइकसाठी ४ टक्के म्हणजे दोन किलोमीटरपेक्षाही कमी. एवढा फरक ओळखायचा, तर हिशोब काटेकोर हवा.

‘टाकी ते टाकी’ पद्धत

१. टाकी फुल करा आणि ओडोमीटरचा आकडा लिहून ठेवा. या वेळचे लिटर हिशोबात धरायचे नाहीत.
२. नेहमीसारखी गाडी चालवा. मध्ये २०० रुपयांचे पेट्रोल टाकले, तरी पावतीवरील लिटर नोंदवा.
३. पुन्हा टाकी फुल करा. पार केलेल्या किलोमीटरला नंतर भरलेल्या एकूण लिटरने भागा.

चूक कुठे होते?

प्रत्येक वेळी टाकी अगदी त्याच पातळीपर्यंत भरत नाही. ६ लिटर भरताना ०.३ लिटरचा फरक पडला, तर उत्तर ५ टक्क्यांनी चुकते. म्हणजे इथेनॉलमुळे होणाऱ्या घटीपेक्षा चूकच मोठी! त्यामुळे शक्यतो तोच पंप वापरा आणि नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झाले की थांबा. दुचाकी दर वेळी मेन स्टँडवरच लावून भरा.

चार टाक्यांचा हिशोब

समजा, सुरुवातीचा आकडा २४,३१० आणि शेवटचा २५,४१२. अंतर १,१०२ किलोमीटर. चार वेळा भरलेले पेट्रोल ६.२, ५.८, ६.४ आणि ६.१, म्हणजे एकूण २४.५ लिटर. ॲव्हरेज सुमारे ४५. आता शेवटी तोच ०.३ लिटरचा फरक पडला, तरी चूक जेमतेम सव्वा टक्का.

प्रत्येक टाकीचे ॲव्हरेज काढून त्यांची सरासरी मात्र घेऊ नका. २०० किलोमीटरला एकदा ४ आणि एकदा ५ लिटर लागले, तर ५० आणि ४०ची सरासरी ४५ येते. प्रत्यक्षात ४०० भागिले ९, म्हणजे ४४.४.

कंपनीचा आकडा वेगळा का?

तो प्रयोगशाळेत, रोलरवर गाडी चालवून, ठरावीक वेगक्रमानुसार मोजलेला असतो. सिग्नल, घाट, खड्डे आणि मागे बसलेला माणूस त्यात नसतो. त्यामुळे तुलना आपल्याच जुन्या नोंदींशी करा. चार-पाच टाक्यांनंतरही घट कायम दिसली, तर आधी टायरमधील हवा, एअर फिल्टर आणि ब्रेक जाम आहेत का, हे तपासून घ्या. सर्व्हिस सेंटरमध्ये जाताना नोंदवही सोबत ठेवा.