सुट्टीला निघालेली सातवर्षांची मुलगी

दोन वर्षांपूर्वी रत्नागिरीतील माझ्या दवाखान्यात एक आई आली. आजारी कोणीच नव्हते. हळू आवाजात ती म्हणाली, "डॉक्टर, मुलीला सातवं लागलंय. सासूबाई तिला सुट्टीत मुंबईला नेणार आहेत. कशासाठी, ते मला ठाऊक आहे. मलाही असंच आइस्क्रीम देते म्हणून नेलं होतं."

श्रोतेहो, ती मुलींच्या खतन्याविषयी, म्हणजेच 'खफ्ज'विषयी बोलत होती. आपल्याकडे दाऊदी बोहरा समाजातील अनेक घरांत साधारण सातव्या वर्षी मुलीच्या जननेंद्रियाचा थोडा भाग कापला जातो. त्याचा आरोग्याला काहीही उपयोग नाही. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, लघवीचा त्रास होऊ शकतो; मनातली भीती तर वर्षानुवर्षे राहते. युनिसेफच्या २०२४ च्या अंदाजानुसार जगातील २३ कोटींहून अधिक मुली व स्त्रिया अशा प्रथांतून गेल्या आहेत.

या प्रथेविरुद्ध आवाज उठवला तो त्याच समाजातील मासूमा रानालवी, आरेफा जोहरी यांच्यासारख्या स्त्रियांनी. सर्वोच्च न्यायालयात २०१७ मध्ये याचिका दाखल झाली. २०१८ मध्ये ती घटनापीठाकडे सोपवली गेली. स्वतंत्र कायदा नसला, तरी दंडविधान आणि २०१२ चा पॉक्सो कायदा यांखाली हा गुन्हाच आहे, असे केंद्र सरकारने त्या वेळी न्यायालयात सांगितले.

मग ओळखायचे कसे? आई किंवा थोरल्या बहिणीचा खतना झालेला असणे, अचानक ठरलेला प्रवास, 'कुणाला सांगायचं नाही' अशी ताकीद, या आधीच्या खुणा. नंतर मुलगी बसताना-चालताना अवघडते, स्वच्छतागृहात फार वेळ लावते, खेळ टाळते, गप्प होते. एकाच खुणेवरून निष्कर्ष काढू नये. आडनावावरून तर मुळीच नाही.

मुलीला स्वतः तपासू नका, खोदून विचारू नका. ती सांगेल ते शांतपणे ऐका. '१०९८' या क्रमांकावर किंवा जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीला कळवा. पॉक्सोखालील गुन्हा घडल्याचे किंवा घडण्याची शक्यता असल्याचे कळले, तर पोलिसांना सांगणे डॉक्टर-शिक्षकांसह सर्वांवर बंधनकारक आहे. जखम असेल तर आधी उपचार.

त्या आईला मी पतीसह बोलावले. दोघांनाही शरीरावरचे परिणाम आणि कायदा समजावून सांगितला. निघताना वडील एवढेच म्हणाले, "मला हे कुणी कधी सांगितलंच नव्हतं."

त्या सुट्टीत मुलगी रत्नागिरीतच राहिली. पण त्यानंतरही सुट्ट्या येतातच. दर मे महिन्यात ती आई मुलीला घेऊन दवाखान्यात डोकावून जाते. दोघी हसत असल्या, की मला हायसे वाटते.