माजी विद्यार्थ्यांचा वृत्तान्त आणि विद्याधनाचा प्रश्न

महाविद्यालयांच्या स्मरणिकांतून ‘माजी विद्यार्थ्यांचा वृत्तान्त’ या मथळ्याखाली जी पाने छापलेली असतात, ती बहुतेक वाचक ओळखीचे एखादे नाव सापडते का एवढेच पाहून उलटतात. आम्हांस ती पाने फार वाचनीय वाटतात. अमुक गृहस्थ कार्यकारी अभियंता होऊन निवृत्त झाले, अमुक बाई मुख्याध्यापिका होत्या व हल्ली नातवंडांत रमल्या आहेत, तमुक यांचे चिरंजीव परदेशी असून ते स्वतः वर्षाचे सहा महिने तिकडे काढतात, अशा दोनदोन ओळींच्या त्या नोंदी असतात. पन्नास-साठ वर्षांचे आयुष्य त्या दोन ओळींत घडी घालून ठेविलेले असते. ती घडी उलगडावयाची तर नोंदीत काय गाळले आहे याकडे लक्ष द्यावे लागते, असा आमचा अलीकडचा अनुभव आहे.

बारामतीचे तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय अनेकान्त एज्युकेशन सोसायटीने १९६२ साली काढले. पहिल्या आठ-दहा वर्षांत तेथून पदवी घेऊन बाहेर पडलेली मंडळी आता पंचाहत्तरीच्या आसपास किंवा तिच्याही पुढे आहेत. त्यांपैकी बारामती व इंदापूर तालुक्यांतील काही जणांनी एकमेकांचे वर्तमान पत्रांनी गोळा करण्याचे मनावर घेतले. आणि अक्षर वळणदार म्हणून ती पत्रे एका वहीत उतरवून काढण्याचे काम आमच्याकडे आले. आम्ही त्या महाविद्यालयाचे विद्यार्थी नव्हे. जुन्या अकरावीची मॅट्रिक झालो, आजोबांपाशी रघुवंश आणि थोडे व्याकरण झाले, आणि मग शिक्षकी पेशात शिरलो ते निवृत्तीपर्यंत. तेव्हा या वृत्तान्तात आमची स्वतःची नोंद कोठेच नाही, आणि त्यामुळेच कदाचित दुसऱ्यांच्या नोंदी निवांतपणे वाचता आल्या.

गावात महाविद्यालय नव्हते तेव्हा या भागातील मुलास पुढे शिकावयाचे म्हणजे पुणे गाठावे लागे. बारामतीहून लहान रुळांच्या गाडीने दौंड, तेथून मोठ्या गाडीने पुणे. तेथे कोणा आप्ताच्या माडीवर वळकटी टाकावयाची आणि वार लावून जेवावयाचे. त्याहून आधीच्या पिढ्यांत माधुकरी होतीच. घरास एका मुलाचा खर्च कसाबसा पेले, दोघांचा पेलत नसे. म्हणून वडील माणसे एकास निवडीत. बहुधा जो हुशार तो, पण नेहमीच असे नाही. कधी जो शेतकामास नाजूक तो, कधी ज्याच्या आईचा घरात शब्द चाले तो. बारामतीस महाविद्यालय आल्यावर खर्च पुष्कळ उतरला, तरी निवड काही टळली नाही, कारण शेतावर हात हवे होते.

त्याच १९६२ सालच्या एप्रिलमध्ये मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या वारले. त्यांचे नाव येथे घेण्याचे कारण असे की, ते या तालुक्यांचे रहिवासी नसले तरी येथील जमिनीच्या भाग्यात ज्या एका माजी विद्यार्थ्याचा हात आहे तो त्यांचा. १८८३ साली ते पुण्याच्या सायन्स कॉलेजातून एल. सी. ई. झाले. ज्यास आपण आज अभियांत्रिकी विद्यापीठ म्हणतो तेच हे कॉलेज. इकडे भाटघरच्या धरणाचे पाणी घेऊन नीरेचा डावा कालवा १८८५च्या सुमारास बारामती-इंदापूरकडे वाहू लागला होता. पुढे उसाची हाव वाढली तसा पाणी कोणास किती, हा तंटा उभा राहिला. विश्वेश्वरय्या १८९९च्या सुमारास पुण्यास कार्यकारी अभियंता होते. जमिनीचे गट पाडावे, गटातील ठरावीक हिश्शातच ऊस करावा, बाकीत हंगामी पिके घ्यावी, आणि त्या बदल्यात शेतकऱ्यास काही वर्षे पाण्याची हमी द्यावी, अशी जी ‘ब्लॉक’ पद्धत नीरेच्या कालव्यावर आली ती त्यांच्या कल्पनेतली. पुढे म्हैसूरचे दिवाणपद, १९५५ साली भारतरत्न, हे सर्वांस ठाऊक आहे. पण वडील लवकर गेल्यावर त्या पोरक्या मुलास बंगलोरास मामांचा आधार मिळाला, शिकवण्या करून तो बी. ए. झाला, आणि म्हैसूर सरकारच्या विद्यावेतनावर पुण्यास आला, हा भाग त्यांच्या वृत्तान्तात एका वाक्यात उरकला जातो. मामांच्या घरातील इतर मुलांस त्या काळात काय मिळाले, हे कोणी विचारीत नाही.

आता वहीकडे वळू. त्या काळच्या पदवीधरांस वाटा फार नव्हत्या. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. त्यांच्या शाळांत व कचेऱ्यांत पुष्कळ जण गेले. १९ जुलै १९६९ रोजी १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. त्यानंतर गावोगाव शाखा निघाल्या आणि बी. कॉम. झालेल्यांची ददात मिटली. काही वालचंदनगरच्या कारखान्यात लागले. वालचंद हिराचंद यांनी इंदापूर तालुक्यातील माळरानावर साखरेसाठी वसविलेल्या या गावात पुढे अवजड यंत्रे तयार होऊ लागली, आणि आज अवकाशयानांच्या प्रक्षेपकांचे भागही होतात. एका गृहस्थाने पत्रात मोठ्या अभिमानाने लिहिले आहे की, चांद्रयान उडाले तेव्हा आपण दूरचित्रवाणीपुढे उभे राहिलो. हा अभिमान आम्हांसही पटला.

ही पत्रे उतरविताना एक वाक्य आमच्या बोरूखाली पुनःपुन्हा येऊ लागले. बदल्यांची गावे, बढत्यांची वर्षे, मुलांची शिक्षणे, मुलींची सासरे असे सर्व झाल्यावर शेवटी येई: ‘शेती बंधू पाहतात.’ कोठे ‘धाकटे बंधू’, कोठे ‘चुलतबंधू’, एवढाच फरक. वीस-बावीस पत्रांनंतर आम्ही संबंधितांस विचारले की, या बंधूंविषयी आणखी एक ओळ मिळेल काय? किती शिकले, केव्हापासून शेती पाहतात, आणि आपली फी कोणी भरली?

पहिल्याने दूरध्वनी केला तो एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी. ते कालव्याखालच्या एका गावचे.

“गुरुजी, हे कशाला लागतं तुम्हाला?”

आम्ही म्हटले, “दादा, वहीत जागा आहे. नको असेल तर राहू द्या.”

थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “लिहा. आठवीत शाळा सोडली त्यानं. माझी पहिली फी भरली तेव्हा म्हातारीच्या पाटल्या गेल्या, आणि दुसऱ्या वर्षी त्याचा बैल.”

१९७२च्या दुष्काळात हे गृहस्थ सांगलीकडे एका शाखेत होते आणि धाकटा भाऊ व भावजय पाझर तलावाच्या कामावर खडी फोडीत होती. पुढे बारामतीच्या आसपास जमिनीचे भाव चढू लागले तेव्हा यांनी आपण होऊन तलाठ्याकडे जाऊन हक्कसोडपत्राची चौकशी केली आणि आपला हिस्सा भावाच्या नावे करून दिला. मुलांस ते आवडले नाही, हेही त्यांनी सांगितले.

दुसरी हकीकत याच्या उलट आहे. दोघे भाऊ, थोरला पदवी घेऊन मोठ्या हुद्द्यावर चढला, धाकट्याने चाळीस वर्षे जमीन कसली, दोन विहिरी पाडल्या, नापीक तुकडा भर घालून पिकाखाली आणला. थोरला निवृत्त होऊन परतला आणि सातबाऱ्यावर दोघांची नावे आहेत तेव्हा निम्मे वाटून द्या, म्हणाला. दावा अजून चालू आहे. एकमेकांच्या घरचे पाणी वर्ज्य झाले आहे. आणि वहीत या घरची नोंदही तीच: ‘शेती बंधू पाहतात.’

आता शास्त्र काय म्हणते ते पाहू. हा विषय आमच्या आवडीचा असल्याने वाचक थोडा विस्तार सहन करतील. विद्येच्या बळावर मिळविलेल्या द्रव्यास धर्मशास्त्रात विद्याधन म्हणतात. ते भावांस वाटून देण्याचे कारण नाही, असे याज्ञवल्क्यस्मृतीत आहे. परंतु विज्ञानेश्वराने मिताक्षरेत त्या वचनास ‘वडिलार्जित द्रव्यास धक्का न लावता’ ही अट लागू केली. म्हणजे परक्याच्या अन्नावर शिकलेल्याची कमाई त्याची एकट्याची, आणि घरच्या खर्चाने शिकलेल्याची कमाई घरची. इंग्रजी अमदानीत गोकुळचंद विरुद्ध हुकुमचंद हा खटला प्रिव्ही कौन्सिलापर्यंत गेला. त्यात आय. सी. एस. झालेल्या गृहस्थाचे शिक्षण कुटुंबाच्या पैशाने झाले म्हणून त्याची कमाईही एकत्र कुटुंबाची, असा निकाल १९२१ साली लागला. सुशिक्षितांत मोठी खळबळ उडाली. अखेर बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या खटपटीने १९३० साली विद्याधनाचा कायदा झाला, आणि शिक्षण कोणाच्याही पैशाने झालेले असो, त्यावरची कमाई शिकणाऱ्याची स्वतःची ठरली.

हा कायदा होणे अवश्य होते याविषयी आम्हांस शंका नाही. डॉक्टरांच्या किंवा वकिलांच्या प्रत्येक रुपयावर दहा चुलत्या-पुतण्यांनी हक्क सांगावा, हे चालण्यासारखे नव्हते. तथापि त्याने तराजूचे एकच पारडे उचलले. विद्याधन एकट्याचे झाले, शेत मात्र दोघांचे राहिले. ज्याच्या बैलाच्या किमतीतून फी भरली गेली त्याचा थोरल्याच्या निवृत्तिवेतनात पैचा वाटा नाही. आणि ज्या विहिरीची माती थोरल्याने कधी पाहिली नाही त्या विहिरीवरच्या जमिनीत त्याचा निम्मा वाटा. कायद्याच्या दृष्टीने यात काही गैर नाही. गैर असेल तर ते घरात बसून मिटवावे लागते, आणि ते दोघे भाऊ हयात असताना मिटले तरच मिटते, पुतण्यांच्या पिढीत मिटत नाही, असे या वहीवरून आम्हांस दिसते.

आपल्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी शेतीचा प्रश्नच राहिलेला नाही. १९४८चा कूळकायदा आणि १ एप्रिल १९५७चा कृषक दिन यांनंतर ब्राह्मण घरांतील बहुतेक जमिनी कुळांकडे गेल्या, आणि मुलांनी शिकून बाहेर पडण्यावाचून गत्यंतर उरले नाही. तेथे ‘शेती बंधू पाहतात’ याऐवजी ‘वाडा बंधूंकडे असतो’ असे वाक्य येते. वाड्याबरोबर आईवडिलांची दुखणी, कुलधर्म, भाडेकऱ्यांचे दावे आणि दर पावसाळ्यात गळणारी माळवदे हीही बंधूंकडेच असतात. आमच्या घरी आमचे थोरले चुलतबंधू, ज्यांस आम्ही अण्णा म्हणतो, ते बी. एस्सी. होऊन सरकारी खात्यात गेले आणि आम्ही येथे राहिलो. अण्णांनी काकूंच्या औषधपाण्यास एक महिना चुकविला नाही, हे येथे लिहिणे न्याय्य आहे. वाड्याची वाटणीही आम्ही दोघांनी एका दुपारी, वकिलावाचून, कागदावर रेघा मारून केली. विहिरीकडची खोली आम्हांस मिळाली. तिच्या बदल्यात त्यांनी देवघरातील समया मागितल्या.

भाऊ तरी हिशेबात येतो. बहिणी कोठे आहेत? पहिल्या वर्गांत मुली मोजक्याच होत्या. त्यांतील एक बाई पुढे मुख्याध्यापिका झाल्या. त्या लिहितात की, १९९४ साली महाराष्ट्राने मुलींस वडिलोपार्जित मिळकतीत मुलाप्रमाणे हक्क दिला, २००५ साली तो साऱ्या देशात आला, आणि प्रत्येक वेळी माहेराहून हक्कसोडपत्राचा कागद सहीसाठी आला; पहिल्या वेळी साडीसह, दुसऱ्या वेळी नुसताच. त्यांनी दोन्ही वेळा सही केली. का केली, हे लिहिलेले नाही, आणि आम्हीही विचारले नाही.

इंदापूरकडील एका पत्रात मात्र वाटणीचा प्रश्न उद्भवतच नाही. त्यांचे गाव, शेत, घर सर्व उजनीच्या धरणात गेले. ११७ टी. एम. सी. पाण्याचे हे धरण १९८० साली पुरे झाले. महाविद्यालयाच्या जुन्या दप्तरात त्यांचा जो पत्ता आहे तेथे आज भिगवणकडचे कोळी जाळी टाकतात व हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात. उन्हाळ्यात पाणी ओसरले की पळसदेवचे जुने देऊळ बाहेर येते. गृहस्थ नातवास घेऊन ते पाहावयास गेले आणि तेथून आपली जमीन कोणत्या दिशेस होती हे त्यास हाताने दाखविले. मोबदल्याची रक्कम तिघा भावांनी समान घेतली. त्यातून एकाने दुकान घातले, एकाने मुलीचे लग्न केले, आणि आपल्या वाट्याचे काय झाले हे पत्रलेखकास आता आठवत नाही.

वहीत आम्ही प्रत्येक नोंदीपुढे ‘घरी कोण राहिले’ असा एक रकाना आखला. काहींनी तो आनंदाने भरून पाठविला, काहींनी त्याकडे दुर्लक्ष केले, एकाने ‘याचा महाविद्यालयाशी संबंध नाही’ असे स्वच्छ कळविले. ज्यांनी तो कोरा ठेविला त्यांचा आम्ही कोराच राहू दिला. बँकेच्या त्या गृहस्थांचा रकाना त्यांच्या धाकट्या बंधूंनीच भरून पाठविला आहे. मोडी वळणाचे, मोठे अक्षर: आठवी पास, १९६६ पासून शेती, सध्या अडीच एकर ऊस, बाकी जनावरांचा चारा, कालव्याची पाळी वेळेवर येत नाही, थोरली नात त्याच महाविद्यालयात शेवटच्या वर्षास आहे, तिचे नाव दादाच्या नावाखाली लिहावे.