फॉरमॅट करण्याआधी पत्रे काढून ठेवा

मागच्या महिन्यात जळगावहून बहिणीचा फोन आला. "भाऊ, कॉम्प्युटर फारच मंद झाला रे. दुकानदार म्हणतो, फॉरमॅट मारावा लागेल. आजच नेऊन देते." आम्ही धुळ्याहून जवळजवळ ओरडलोच, "थांब! रविवारी आम्ही येतो. तोवर कोणाला हात लावू देऊ नकोस."

बहिणीला वाटले, भाऊ उगाच घाबरतो. पण दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, तशी आमची गत आहे.

आमचा धाकटा भाऊ आखातात वेल्डर होता. २००६ पासून तो आम्हाला ई-मेल करी. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचा, सुट्टीच्या दिवशी, सायबर कॅफेत बसून. काय खाल्ले, किती ऊन आहे, आईच्या गुडघ्याचे काय, असे साधेच मजकूर. २०१० साली तो गेला. पुढच्या वर्षी आमचा संगणक बिघडला आणि आम्ही तो दुकानात नेला. दुकानातल्या पोराने रीतसर विचारले, "काका, डेटा काढायचा आहे का?" आम्ही ऐटीत सांगितले, "सगळे डी ड्राइव्हला आहे. मार फॉरमॅट." चूक त्या पोराची नव्हे, आमचीच.

फोटो, गाणी, मुलांचे दाखले खरेच डी ड्राइव्हवर होते. भावाची पत्रे मात्र आऊटलुक एक्सप्रेसमध्ये होती, आणि तो कार्यक्रम आपली पत्रे सी ड्राइव्हच्या एका लपवलेल्या फोल्डरात ठेवत असे. ते फोल्डर आम्ही जन्मात कधी उघडले नव्हते. कंपनीच्या सर्व्हरवरही काही उरले नाही, कारण आमची जोडणी जुन्या पद्धतीची होती : पत्र एकदा घरच्या संगणकात उतरले की सर्व्हरवरून पुसले जाई. दुसऱ्या कारागिराला दाखवले. तो म्हणाला, त्याच जागेवर नवी विंडोज लिहिली गेली आहे, आता हाती लागणार नाही. आईला वाचून दाखवण्यासाठी एक पत्र कागदावर छापून आणले होते, तेवढे तिच्या पेटीत राहिले.

म्हणून रविवारी सकाळच्या एसटीने पारोळा, एरंडोल मागे टाकत आम्ही जळगाव गाठले. मेहुणे चटईच्या कारखान्यात कामाला, तेव्हा घरखर्चाला हातभार म्हणून बहीण घरीच टायपिंगची कामे घेते. लग्नपत्रिका, अर्ज, कॉलेजच्या मुलांचे प्रकल्प. भाची शिकते आहे. म्हणजे त्या एका डब्यात घरची मिळकतही आहे आणि पोरीचे शिक्षणही.

पहिल्यांदा विचारले, मेल कुठे उघडता? भाची जीमेल ब्राउझरमध्ये उघडते. तिची पत्रे गूगलच्या सर्व्हरवर असतात, घरचा संगणक जळाला तरी ती जात नाहीत. तिला फक्त पासवर्ड पाठ आहे का आणि खात्याला जोडलेला मोबाइल नंबर चालू आहे का, एवढे पाहायचे. तो नंबर निघाला तीन वर्षांपूर्वी बंद पडलेल्या सिमचा! महाडीबीटीच्या शिष्यवृत्तीच्या अर्जाला हाच मेल दिलेला. फॉरमॅटनंतर पासवर्ड आठवला नसता तर पोरगी दारातच अडकली असती. नंबर तिथल्या तिथे बदलला.

बहिणीचे तसे नव्हते. तिच्या गिऱ्हाइकांची पत्रे आऊटलुकमध्ये उतरतात, म्हणजे आमच्यासारखेच. आऊटलुक आपली सगळी पत्रे एका पीएसटी नावाच्या फाइलमध्ये ठेवते. तिच्याकडे ती 'डॉक्युमेंट्स'मध्ये होती. इथेच बरेच लोक फसतात. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स ही तिन्ही ठिकाणे सहसा सी ड्राइव्हवरच असतात. डोळ्यांसमोर दिसते म्हणून ते सुरक्षित आहे असे नव्हे. लळिंगच्या लांडोर बंगल्यावर ३१ जुलैला काढलेले फोटो बहिणीने डेस्कटॉपवरच ठेवले होते, आणि भाचीच्या जात पडताळणीच्या कागदांचे स्कॅनही तिथेच.

आऊटलुक पूर्ण बंद केले आणि मगच ती फाइल पेन ड्राइव्हवर घेतली. चालू असताना घेतली तर नक्कल अर्धवट राहू शकते. त्याआधी इनबॉक्समध्ये किती पत्रे आहेत तो आकडा वहीत लिहिला. खात्याचा पासवर्ड पीएसटीमध्ये येत नाही, तो वेगळा लिहावा लागतो. सर्व्हरची नावे वगैरे जे पडद्यावर दिसते त्याचे मोबाइलने फोटो काढले. ब्राउझरच्या खुणा, म्हणजे बुकमार्क, एका फाइलमध्ये उतरवता येतात, त्या उतरवल्या. पासवर्डही तसेच उतरवता येतात, पण ती फाइल उघडी असते, कोणीही वाचावी. ती पेन ड्राइव्हवर ठेवून दुकानात जाणे म्हणजे घराच्या किल्ल्या कुलपालाच अडकवून गावाला जाणे. आम्ही भाचीला वहीत लिहायला बसवले. कंटाळली बिचारी.

सर्वांत जास्त वेळ गेला तो फॉण्टमध्ये. बहिणीच्या जुन्या पत्रिका श्रीलिपीत आणि शिवाजी फॉण्टमध्ये आहेत. हे जुने फॉण्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांची चित्रे बसवतात. फॉण्ट गेला की फाइल जागेवर असते, पण वधूवरांच्या नावांच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो. युनिकोडमध्ये टाइप केलेल्याला ही भीती नाही. म्हणून विंडोजच्या 'फॉण्ट्स' फोल्डरमधून तिचे मराठी फॉण्ट एकेक निवडून काढले. श्रीलिपीची मूळ सीडी माळ्यावर सापडली, तीही पुसून ठेवली.

मग आम्ही हट्टाने एक काम केले. सगळी नक्कल शेजारच्या मुलाच्या लॅपटॉपवर उघडून पाहिली. दोन फोटो उघडेनात, ते पुन्हा घेतले. न उघडलेली नक्कल म्हणजे न मोजलेला पगार! एक प्रत पेन ड्राइव्हवर, दुसरी मेहुण्यांनी गोलाणी मार्केटमधून आणलेल्या बाहेरच्या हार्ड डिस्कवर. कागदांचे स्कॅन भाचीच्या गूगल खात्यातही चढवले. तिथे १५ जीबी जागा फुकट मिळते, पण मेल आणि फोटो धरून.

सध्या असे संगणक दुकानांत फार येत असावेत. विंडोज १० चा नेहमीचा फुकट आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि पुष्कळ जुनी यंत्रे विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. कोणी फॉरमॅट करून घेतो, कोणी यंत्रच विकतो. विकणाऱ्यानेही आधी हेच सगळे करायचे, आणि नंतर डिस्क नीट पुसून घ्यायची.

बुधवारी संगणक घरी आला. रात्री बहिणीचा फोन : "भाऊ, आकडा जुळला. पत्रिकाही नीट दिसतात." मग जरा थांबून म्हणाली, "पण मेलखाली माझे नाव, नंबर आणि टायपिंगचे दर आपोआप यायचे ना, ते गेले." ती सही आऊटलुक वेगळ्याच लपलेल्या फोल्डरात ठेवते. आम्ही ती साफ विसरलो होतो. तिने पुन्हा टाइप केली, आणि करता करता दर दोन रुपयांनी वाढवले.