विश्लेषण : ऑर्क जन्मतःच मठ्ठ आणि दुष्ट? ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ने ‘वंश’ का वगळला?

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाच्या २०२४ मधील नव्या नियमपुस्तकात पात्र तयार करताना ‘रेस’ म्हणजे वंश निवडावा लागत नाही. त्या जागी ‘स्पीशीज’ म्हणजे प्रजाती हा शब्द आला आहे. बदल एका शब्दाचा दिसतो. पण त्यामागचा वाद जुना आहे. एखाद्या काल्पनिक जमातीला बुद्धी, ताकद आणि नीती जन्मानेच चिकटवावी का, हा तो वाद.

हा खेळ नेमका काय?

चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण ‘डंजन मास्टर’ म्हणून गोष्ट पुढे नेतो, बाकीचे आपापले पात्र खेळतात. वार लागला की हुकला, पहारेकरी फसला की नाही, हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी अमेरिकेत १९७४ मध्ये हा खेळ आणला. आज तो हॅस्ब्रोच्या ‘विझर्ड्स ऑफ द कोस्ट’ या कंपनीचा आहे. भारतातही अनेकांनी खेळलेला ‘बाल्डर्स गेट ३’ हा २०२३ चा व्हिडीओ गेम याच नियमांवर बेतलेला आहे.

आकड्यांत वंश कसा शिरला?

प्रत्येक पात्राला ताकद, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि प्रभाव असे सहा गुण आकड्यांत मिळतात. एल्फ, ड्वार्फ, हाफलिंग किंवा अर्ध-ऑर्क यांपैकी काय निवडले, यावर हे आकडे वर-खाली होत. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत अर्ध-ऑर्कला ताकदीत २ अधिक मिळत, पण बुद्धीत २ आणि प्रभावात २ वजा होत. दोन गुण घटले की फाशावर १ कमी होतो, म्हणजे यशाची शक्यता ५ टक्क्यांनी घसरते. त्यामुळे अर्ध-ऑर्क पंडित खेळायचा, तर पहिल्या दिवसापासून तोट्यात. १९७८ च्या नियमांत तर मानवेतर पात्रांना बहुतेक व्यवसायांत ठरावीक पातळीपुढे जाताच येत नसे.

नीतीचेही तसेच. राक्षसपुस्तकात ऑर्कच्या नावापुढे ‘दुष्ट’ असे छापलेलेच असे. त्यामुळे त्यांची वस्ती दिसली की तलवार उपसायला कारण लागत नसे. काळ्या कातडीचे ‘ड्राउ’ एल्फ हेही दुष्टच. आर. ए. साल्वातोरे यांच्या कादंबऱ्यांतील ड्रिझ्ट हा सज्जन ड्राउ १९८८ पासून कमालीचा लोकप्रिय झाला, पण तो अपवाद म्हणून. एक चांगला निघाला म्हणून बाकीच्यांवरचा शिक्का पुसला गेला नाही, उलट ठळकच झाला.

आपल्या राक्षसाचे काय झाले?

१९७७ च्या राक्षसपुस्तकात ‘राक्षस’ही आहे, भारतातला म्हणून. चित्रात त्याला वाघाचे तोंड आणि हातात पाइप. पुढच्या आवृत्त्यांत तळहात उलटे झाले. दुष्टपणा मात्र कायम राहिला. महाभारत ऐकत वाढलेल्याला हे खटकेल. हिडिंबा राक्षसी भीमाची बायको होते, तिचा मुलगा घटोत्कच पांडवांसाठी लढून मरतो. रामायणात बिभीषण भावाची बाजू सोडतो. कथेत राक्षस हे कूळ आहे, पण माणूस कसा निघेल हे त्यावर ठरत नाही. खेळाने कूळ घेतले आणि ही मोकळीक सोडून दिली.

अलीकडे थोडा फरक पडला. २०२२ च्या ‘जर्नीज थ्रू द रेडियंट सिटाडेल’ या साहससंग्रहात कोलकात्याच्या लेखिका मिमी मोंडल यांनी बंगालच्या धर्तीवर शंखभूमी नावाचा प्रदेश रचला.

बदल केव्हा आणि का?

जॉर्ज फ्लॉइड यांच्या हत्येनंतर अमेरिकेत वर्णभेदावर रान पेटले असताना, जून २०२० मध्ये कंपनीने निवेदन काढले. ऑर्क आणि ड्राउ यांना सरसकट दुष्ट दाखवणे चूक होते आणि ‘व्हिस्तानी’ या भटक्या जमातीच्या चित्रणात युरोपातील रोमा समाजाबद्दलचे जुने पूर्वग्रह उतरले होते, अशी ती कबुली होती. २०१६ च्या एका पुस्तकात ऑर्कची बुद्धी २ ने वजा होत असे, तेही काढले गेले. त्याच वर्षअखेरीस गुणांची वाढ हवी तिथे वळवण्याची ऐच्छिक मुभा मिळाली.

तरी २०२२ मध्ये नवी चूक झालीच. ‘स्पेलजॅमर’ संचातील माकडासारख्या ‘हॅडोझी’ जमातीला एका जादूगाराने गुलाम म्हणून विकण्यासाठी बुद्धी दिली, अशी कथा छापली गेली. कृष्णवर्णीयांच्या गुलामगिरीचा इतिहास असलेल्या देशात हे कुणाच्या नजरेतून कसे सुटले, हा प्रश्नच आहे. कंपनीने माफी मागून तो मजकूर काढला.

आता वाद मिटला का?

नाही. जुन्या खेळाडूंची तक्रार आहे की सगळेच सारखे झाले. ड्वार्फ म्हणजे दाढीवाला बुटका माणूस, एवढेच उरले. ती अगदीच निराधार नाही, कारण वेगळेपणाची चव त्या आकड्यांतही होती. अर्ध-एल्फ आणि अर्ध-ऑर्क नव्या मूळ पुस्तकातून गेले, याने मिश्र वारशाचे काही खेळाडू दुखावले. ‘पाथफाइंडर’ या स्पर्धक खेळाने २०१९ मध्येच ‘अँसेस्ट्री’ म्हणजे पूर्वजपरंपरा हा शब्द घेतला होता. ‘प्रजाती’ने तर भेद अधिकच जैविक वाटतो, असाही आक्षेप आहे.

मोठी गंमत आकड्यांत आहे. गुणांची वाढ आता वंशावरून नव्हे, तर पात्राच्या पूर्वायुष्यावरून मिळते. नव्या पुस्तकात शेतकरी म्हणून वाढलेल्याला ताकद, काटकपणा किंवा शहाणपण वाढवता येते. सरदार घराण्यातल्याला ताकद, बुद्धी किंवा प्रभाव. म्हणजे ऑर्कची बुद्धी मोकळी झाली आणि शेतकऱ्याची अडकली. डंजन मास्टरने परवानगी दिली, तर नवे पूर्वायुष्य रचून यातून वाट काढता येते.