चांगदेवाचं काय करायचं?

बहुतेक कचेऱ्यांत एखादा चांगदेव असतो. काम चोख, डोकं तल्लख. पण बैठकीत कुणाचं ऐकणार नाही आणि कनिष्ठांना टोचून बोलणार. त्याला ठेवावं तर बाकीचे वैतागतात, काढावं तर काम अडतं.

मूळ चांगदेवांची समाधी राहाता तालुक्यात, गोदाकाठच्या पुणतांब्यात आहे. चांगदेव म्हटलं की मराठी माणसाला वाघ आणि चालणारी भिंत आठवते. माणसं सांभाळणाऱ्यांनी मात्र त्यांचा पत्रव्यवहार पाहावा.

कथा अशी, की चौदाशे वर्षं जगलेल्या या सिद्ध योग्याला ज्ञानदेवांना पत्र लिहायचं होतं. पण मायना काय घालणार? 'चिरंजीव' लिहावं तर समोरचा ज्ञानाने मोठा, 'तीर्थरूप' लिहावं तर वयाने पोर. शेवटी कोराच कागद धाडला. इतकी वर्षं जगून हा कोराच राहिला, असा टोला मुक्ताबाईंनी हाणला. निवृत्तिनाथांनी मात्र ज्ञानदेवांना उत्तर लिहायला सांगितलं, आणि ६५ ओव्यांची 'चांगदेव पासष्टी' तयार झाली.

वाघाची गोष्ट आख्यायिका म्हणून सोडून देता येते. पासष्टी मात्र आपल्या हातात आहे. तिच्यात अहंकाराचा पंचनामा नाही, सिद्धींची टिंगल नाही. जे शोधतो आहेस ते तुझ्याच ठायी आहे, हाच तिचा रोख. शेवटाकडे ज्ञानदेव स्वतःला आणि चांगदेवांना समोरासमोर ठेवलेल्या दोन डोळस आरशांची उपमा देतात. म्हणजे शिकवणारा उंच आसनावर बसलेला नाही. तोही आरशात आहे.

पासष्टीसारखाच माणसाच्या बलस्थानांपासून सुरुवात करण्याचा विचार समाजकार्यात अलीकडे रुजला. कॅन्सस विद्यापीठाचे डेनिस सॅलीबी यांनी त्यावरचं पुस्तक १९९२ मध्ये संपादित केलं. त्याआधी १९८३ मध्ये डोनाल्ड शॉन यांनी दाखवलं होतं, की जाणता कारागीर काम करता करता स्वतःच्या कामाकडे वळून पाहत असतो. वरिष्ठाने ही सवय लावायची, तर निकाल सुनावण्याऐवजी प्रश्न विचारावे लागतात.

समजा, रात्री बंद पडलेलं यंत्र तासाभरात सुरू करणारा एक तंत्रज्ञ आहे आणि त्याच वेळी मदतनिसाला तो चारचौघांत 'बिनडोक' म्हणतो. 'तुझा स्वभाव सुधार' या वाक्याचा त्याच्यावर ढिम्म परिणाम होणार नाही. त्यापेक्षा दार लावून, ठरलेल्या वेळी बसावं आणि त्या एकाच रात्रीबद्दल बोलावं. बिघाड कसा ओळखलास? मदतनीस कुठे चुकला? तू बोललास त्यानंतर त्याने किती प्रश्न विचारले? तिसऱ्या प्रश्नाला बहुधा शांतता पसरते. ती घाईने भरून काढू नये. बिघाड ओळखणारी नजर हेच या माणसाचं बळ. तीच नजर मदतनिसाच्या अडचणीकडे वळवायला लावणं हे वरिष्ठाचं काम. उठताना एकच बदल ठरवावा आणि पुढची तारीखही.

ही पुढची तारीख फार महत्त्वाची. परंपरा सांगते, की पासष्टीचा अर्थ चांगदेवांना एकट्याने उलगडला नाही. मुक्ताबाईंनी तो समजावला आणि त्या त्यांच्या गुरू झाल्या. कोऱ्या कागदावरून टोला हाणणाऱ्याही त्याच होत्या, हे विसरू नये. बलस्थानं पाहणं म्हणजे गोड बोलणं नव्हे. वार्षिक मूल्यमापनाचा कागद हातात देऊन मोकळं होणाऱ्या साहेबांना पुन्हा बसून समजावण्याचं हे दुसरं काम टाळायचं असतं, असा संशय येतो.

अर्थात सगळंच संवादावर सोडता येत नाही. सुरक्षेचे नियम मोडले तर चौकशी हवी. लैंगिक छळाची तक्रार असेल, तर २०१३ च्या कायद्याप्रमाणे ती अंतर्गत समितीकडे जायला हवी. तिथे आरोपीची हुशारी हिशेबात धरू नये.